उलटा वाटणारा डायोड

ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची, मोबाइलला हवेत ५. भालकी, औराद, बसवकल्याण किंवा तिकडं कलबुर्गीच्या आळंद भागात तुरीच्या रानात दिवस काढणाऱ्याला ही अडचण रोजची. तिचं उत्तर चार्जरच्या टोपणात लपलेलं असतं. उघडं पाहायचं तर बोटाएवढी एक निळी पाटी विकत मिळते. तिच्यावर एलएम २५९६ ही पाच पायांची आयसी, एक कॉइल, एक डायोड, दोन मोठे कपॅसिटर आणि पितळी स्क्रूची प्रीसेट. एवढ्या मोजक्या सामग्रीत इतका आशय मावलेला मी क्वचितच पाहिला आहे, म्हणून कवितेचं करतात तसं हिचं रसग्रहण करायचं धाडस.

आधी जे उपाय इथं चालत नाहीत ते पाहू. बांधावरचा डीपी ११ हजार व्होल्टचे ४३३ करून देतो, पण त्याला सतत दिशा बदलणारी वीज लागते. बॅटरीची वीज एकाच दिशेची. तिच्यापुढं डीपी म्हणजे नुसतं तांब्या-लोखंडाचं वजन. दुसरा उपाय ७८०५ ही जुनी तीन पायांची आयसी. ती १२ चे ५ करते, नाही असं नाही, पण कसे? वरचे ७ व्होल्ट स्वतः जाळून. मोबाइलला एक ॲम्पिअर दिला की ५ वॅट कामी येतात आणि ७ वॅट उष्णता होऊन जातात. कामापेक्षा जाळपोळ जास्त. याला मी तरी कारागिरी म्हणणार नाही.

एलएम २५९६ जाळत नाही, तोडते. तिच्या आतला स्विच सेकंदाला दीड लाख वेळा चालू-बंद होतो. पाच भागिले बारा, म्हणजे वेळेच्या सुमारे ४२ टक्के तो चालू आणि बाकीचा वेळ बंद. सरासरी ५ व्होल्ट. पण मोबाइल सरासरीवर चालत नाही. दर खेपेला त्याच्यावर अख्खे १२ येऊन आदळतील. इथं जुन्या माणसांना विहिरीवरची मोट आठवेल. मोट थारोळ्यात भसकन रिकामी व्हायची, पुढं पाटातलं पाणी मात्र एका धारेनं जायचं. कॉइल आणि कपॅसिटर म्हणजे ते थारोळं, असं म्हणून मोकळं होता येतं. पण मग खरी मेख निसटते. थारोळ्यात पडेल तेवढंच पाणी पाटाला मिळतं. या पाटीत बॅटरीतून जेमतेम अर्धा ॲम्पिअर निघतो आणि मोबाइलला पुरता एक मिळतो!

उरलेला अर्धा कुठून आला? कॉइलपाशी थांबायला हवं. स्विच चालू असताना तिच्या एका टोकाला १२ व्होल्ट, दुसऱ्या टोकाला ५. मधले ७ तिच्यावर पडतात. तरी करंट एकदम उसळत नाही, हळूहळू चढतो, कारण प्रवाहातला बदल कॉइलला सोसत नाही. ती अडवते आणि अडवता अडवता स्वतःच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठवते. फॅरडेनं १८३१ मध्ये दाखवलेलं प्रवर्तन ते हेच. स्विच बंद झाला की तिचा हट्ट उलटतो: आता प्रवाह थांबू द्यायचा नाही. चढताना ७ व्होल्ट, २.८ मायक्रोसेकंद, उतरताना ५ व्होल्ट, ३.९ मायक्रोसेकंद. गुणून पाहा, दोन्हीकडं साडेएकोणीसच्या आसपास येतं. चढ तेवढाच उतार. आउटपुट ५ वरच का टेकतं, याचं कारण यात आहे: दुसऱ्या कुठल्या आकड्यावर चढउतार जुळतच नाहीत.

पण स्विच बंद असताना बॅटरीची वाट तुटलेली असते. मग प्रवाह चालू राहायला वाट कोणती? आता या सर्किटच्या आकृतीतला डायोड पाहा. त्याचा बाण ग्राउंडकडून वर, प्लसच्या बाजूला रोखलेला आहे. नवशिक्याला ही छपाईची चूक वाटते. स्विच चालू असेपर्यंत तो खरंच बिनकामाचा. त्याच्यावर उलटे १२ व्होल्ट, तो गप्प. स्विच तुटतो, कॉइल ओढू लागते, तिचं अलीकडचं टोक शून्याच्याही खाली सुमारे अर्धा व्होल्ट उतरतं, आणि तोच बाण सरळ ठरतो. कॉइलमधून मोबाइल, मोबाइलमधून ग्राउंड, ग्राउंडवरून डायोडमार्गे पुन्हा कॉइल. या फेरीत बॅटरीचा काडीचाही सहभाग नाही. अधिकचा अर्धा ॲम्पिअर आला तो इथून. सगळ्या रचनेत मला सर्वात आवडते ती ही जागा. डायोड काढून टाकला तर कॉइल वाट शोधायला व्होल्टेज वाढवत नेईल आणि स्विचचाच बळी घेईल.

कपॅसिटरबद्दल फार बोलायला नको. तो उरलेली लहर सपाट करतो. आयसीचा चौथा पाय मात्र वाचण्याजोगा. आउटपुटचा एक हिस्सा दोन रेझिस्टरांतून त्याच्याकडं येतो, आणि तिथं १.२३ व्होल्ट राहावेत एवढंच आयसी पाहते. स्टार्टर मारताना बॅटरी १० वर घसरली तर स्विच निम्मा वेळ चालू राहतो. इंजिन लागून १४ झाले की ३६ टक्क्यांवर येतो. मोबाइलला पत्ताही लागत नाही. प्रीसेट फिरवायची ती हा हिस्सा बदलण्यासाठी, आणि मोबाइल जोडायच्या आधी, मीटर लावून.

एक दोष मात्र खटकतो. आतला स्विच जळून शॉर्ट झाला तर डीसीपुढं कॉइल नुसती तार उरते आणि १२ व्होल्ट थेट मोबाइलवर जातात. ते अडवायला पाटीवर काहीच नसतं. इनपुटला फ्यूज आणि आउटपुटवर ५.६ व्होल्टचा दणकट झेनर आपणच लावायचा. झेनर शॉर्ट होतो, फ्यूज उडतो. शिवाय विकताना ३ ॲम्पिअर सांगतात, ते पारा चाळिशीपार गेलेल्या कलबुर्गीच्या मे महिन्यात, इंजिनाच्या शेजारी, हीटसिंकशिवाय मागू नयेत.