बोलका दोष आणि मुका दोष : लिनक्स ड्रायव्हरांतील क्लॉक व वीज-व्यवस्थापनाची चिकित्सा

एम्बेडेड यंत्रणेसाठी कर्नल-ड्रायव्हर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या प्रबंधात 'दोष दूर झाला' हे विधान एखाद्या प्रकरणाच्या अखेरीस हटकून आढळते. हे विधान कोणत्या पुराव्यावर उभे आहे, याची चौकशी मात्र क्वचितच होते. क्लॉक आणि वीज-व्यवस्थापन यांच्या बाबतीत ही चौकशी विशेष अगत्याची आहे. कारण या क्षेत्रात दोष नाहीसा होणे आणि दोषाची वाचा बंद होणे या दोन घटना बाहेरून अगदी सारख्या दिसतात. लिनक्समधील या व्यवस्थेचे गुणदोष पाहून, दुरुस्तीची कसोटी कोणती मानावी याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम व्यवस्थेचे श्रेय मान्य केले पाहिजे. चिपमधील प्रत्येक घटक क्लॉकच्या स्पंदांवर चालतो, आणि काम नसताना ते स्पंद थांबविल्यास विजेची बचत होते. यासाठी कर्नलमध्ये २००९ साली, २.६.३२ या आवृत्तीत, 'रनटाइम पीएम' ही व्यवस्था आली. २०१२ साली, ३.४ या आवृत्तीत, 'कॉमन क्लॉक फ्रेमवर्क' आले. त्यापूर्वी आर्म चिपांच्या निरनिराळ्या कुळांसाठी क्लॉकची निरनिराळी अंमलबजावणी असे, आणि एका कुळातील ज्ञान दुसऱ्या कुळात फारसे उपयोगी पडत नसे. नव्या व्यवस्थेने 'प्रिपेअर' आणि 'एनेबल' अशा दोन पायऱ्या सर्वांसाठी एकाच रीतीने बांधल्या. पहिली पायरी वेळ घेऊ शकते, दुसरीने थांबता कामा नये. या विभागणीला भौतिक आधार आहे. पीएलएल स्थिर होण्यास काही काळ लागतो, क्लॉकचे फाटक मात्र तत्क्षणी उघडते. म्हणून इंटरप्ट हाताळीत असतानाही दुसरी पायरी वापरता येते.

दोन्ही व्यवस्थांचा पाया मोजणी हा आहे. ज्याला घटक हवा त्याने मोजणीत एक मिळवावा, काम संपताच एक वजा करावा, आणि शून्य होताच घटक झोपी जावा. एका घटकाचे अनेक उपभोक्ते एकमेकांस न ओळखताही सुखाने नांदू शकतात, हा या रचनेचा मोठा गुण होय. परंतु तिचा दुबळेपणाही येथेच आहे. मोजणी किती जणांनी मागणी केली ते सांगते. कोणी केली आणि का केली, हे ती सांगत नाही.

मोजणी दोन दिशांनी चुकू शकते, आणि या दोन चुकांचे परिणाम अत्यंत विषम आहेत. मोजणी एकाने कमी पडली, तर दुसऱ्या कोणाचे काम चालू असतानाच घटक झोपी जातो. त्यानंतर त्याचे रजिस्टर वाचावयास गेल्यास टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या एएम३३५एक्स या चिपवर 'एक्स्टर्नल अ‍ॅबॉर्ट' होऊन कर्नल मोठ्याने तक्रार करतो. काही चिपांवर तर संपूर्ण यंत्रणाच जागच्या जागी गोठते. हा बोलका दोष. उलट मोजणी एकाने अधिक राहिली, तर घटक कधीच झोपत नाही. काम बिनबोभाट चालते, सर्व चाचण्या उत्तीर्ण होतात, आणि केवळ बॅटरी अकाली संपते. हा मुका दोष. बोलक्या दोषाला वैरी पुष्कळ असतात. मुक्याला कोणी विचारीत नाही.

या विषमतेला खुद्द कर्नलच्या एका फंक्शनाने दीर्घकाळ हातभार लावला. 'पीएम_रनटाइम_गेट_सिंक' हे फंक्शन घटकाला जागे करते व मोजणी एकाने वाढविते. जागे करणे अयशस्वी झाले तर ते ऋण संख्या परत देते. मात्र वाढविलेली मोजणी तशीच ठेवते. सामान्य प्रोग्रामरची समजूत अशी की, जे मिळालेच नाही ते परत करावयाचे नसते. तो त्रुटी पाहून सरळ बाहेर पडतो, आणि मोजणी कायमची एकाने वर राहते. ही अट दस्तऐवजात नमूद होती हे खरे. तथापि ज्या फंक्शनाचे नाव एक अपेक्षा निर्माण करते आणि वर्तन तिच्या विरुद्ध असते, त्याचा सर्व दोष वाचकाच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. २०२० साली 'पीएम_रनटाइम_रिझ्यूम_अँड_गेट' हे पर्यायी फंक्शन आले; ते अपयशी झाल्यास मोजणी स्वतःच पूर्ववत करते. पण येथेही यांत्रिक अदलाबदल घातक ठरते. जुन्या ड्रायव्हरात त्रुटीच्या वाटेवर वजाबाकी आधीच लिहिलेली असेल, तर नुसते नाव बदलल्याने मोजणी एकाने खाली जाते. मग मुक्या दोषाच्या जागी बोलका दोष उभा राहतो.

आता सर्वांत प्रचलित उपायाकडे वळू. कर्नल सुरू होण्याच्या अखेरच्या टप्प्यात, कोणत्याही ड्रायव्हरने न मागितलेली परंतु बूटलोडरने चालू ठेवलेली क्लॉके बंद केली जातात. ड्रायव्हरने आपल्या गरजेचे क्लॉक मागितलेच नसेल, तर नेमका या क्षणी घटक निकामी होतो. अशा वेळी 'क्लॉक_इग्नोअर_अनयूज्ड' हा बूट-पर्याय दिला की ही झाडाझडती टळते आणि यंत्र चालू लागते. निदानाचे साधन म्हणून हा पर्याय उत्तम आहे, कारण दोष मागणीच्या अभावात असावा, असा अंदाज तो एका प्रयोगात बळकट करतो. दस्तऐवजही त्याला विकासकार्यापुरतेच स्थान देतो. असे असता तोच पर्याय अंतिम यंत्राच्या बूट-ओळीत कायम राहतो, तेव्हा बोलक्या दोषाचे रूपांतर मुक्या दोषात झालेले असते, आणि त्यालाच दुरुस्ती हे नाव मिळते. शिवाय क्लॉक चालू राहील, याची हमीही हा पर्याय देत नाही. उद्या दुसऱ्या ड्रायव्हरने तेच क्लॉक एकदा मागून सोडले, तर मोजणी शून्यावर येऊन ते बंद पडेल.

काही क्लॉके कोणत्याही ड्रायव्हरची नसतात, ती सदैव चालूच हवीत, असा आक्षेप येथे घेतला जाईल. स्मृतीचे क्लॉक हे त्याचे उदाहरण. आक्षेप रास्त आहे. परंतु त्यासाठी त्या विशिष्ट क्लॉकावर 'क्रिटिकल' ही खूण करण्याची सोय कर्नलमध्ये आहे. तीत कोणते क्लॉक अनिवार्य आहे याचे उघड विधान असते. सरसकट सर्वांना सूट देण्यात असे कोणतेच विधान नसते.

पुराव्याच्या प्रश्नात दोन सापळे विशेष लक्षात ठेवावेत. पहिला काळाचा. लिनक्समधील ओमॅप कुळाचा आय-टू-सी ड्रायव्हर शेवटच्या वापरानंतर १००० मिलिसेकंदांनी घटकाला झोपू देतो. याच धर्तीच्या एखाद्या ड्रायव्हरात जागे न करताच रजिस्टर वाचणारी वाट राहून गेली असेल, तर एकामागून एक आज्ञा देणाऱ्या परीक्षकाला ती कधीच सापडणार नाही. सेकंदाहून अधिक विसावा दिल्यावरच ती उघडी पडते. म्हणून चाचणीत विश्रांतीही मोजूनमापून योजली पाहिजे.

दुसरा सापळा आकड्यांचा. डीबगएफएसमधील 'क्लॉक_समरी' हा तक्ता मोजणी व वारंवारता दाखवितो. पण ती वारंवारता बहुधा गणिताने काढून साठविलेली असते, मोजलेली नसते. एएम३३५एक्सवर मूळ स्फटिक १९.२, २४, २५ की २६ मेगाहर्ट्झचा, हे चिप सुरू होताना वाचलेल्या पिनांवरून ठरते. पिना २४ सांगत असून फलकावर स्फटिक २६चा असेल, तर तक्ता सिरियल पोर्टचे क्लॉक ४८ मेगाहर्ट्झ दाखवील. प्रत्यक्षात ते ५२ असेल, आणि १,१५,२०० बॉडऐवजी १,२४,८०० बॉडने निरर्थक अक्षरे उमटतील. येथे साक्ष ऑसिलोस्कोपची घ्यावी, तक्त्याची नव्हे. घटक खरोखर जागा आहे काय, या प्रश्नालाही चिपचेच उत्तर घ्यावे. एएम३३५एक्सच्या क्लॉक-नियंत्रण रजिस्टरात मागणीचे आणि प्रत्यक्ष स्थितीचे क्षेत्र वेगवेगळे आहे. मागणी 'चालू' आणि स्थिती 'बंद' अशी विसंगती दिसली, तर शोधाची दिशा ड्रायव्हरकडून वरच्या क्लॉकाकडे किंवा वीजक्षेत्राकडे वळली पाहिजे.

या विवेचनावरून दुरुस्तीची कसोटी तीन प्रश्नांत मांडता येईल. घटकाची मागणी कोणी केली आणि ती कोठे संपते, हे लेखक दाखवू शकतो काय? त्रुटीच्या प्रत्येक वाटेवर मोजणी पूर्ववत होते काय? आणि काम संपल्यावर घटक प्रत्यक्ष झोपतो, याचा यंत्रातून घेतलेला पुरावा आहे काय? यांपैकी तिसरा प्रश्न आपल्याकडील मौखिक परीक्षांत बहुधा विचारला जात नाही. यंत्र चालते हे पाहून परीक्षक समाधान मानतात. परंतु वीज-व्यवस्थापनाच्या ड्रायव्हराचे अर्धे कार्य यंत्र थांबविणे हे आहे. त्या अर्ध्याचा पुरावा मागितला नाही, तर आपण मुका दोष पदवीसह बाहेर पाठवू, आणि त्याची किंमत ते यंत्र प्रत्यक्ष वापरणारा माणूस भरील.