भूपाचे पाच स्वर आणि गिटारची कॉर्ड : एक चिकित्सा

गिटारवादनाच्या शिकवणुकीत एक विधान हमखास आढळते : पेंटॅटॉनिक स्केल, म्हणजे पाच स्वरांची मालिका, कोणत्याही कॉर्डवर वाजवावी, चूक संभवत नाही. मुळशी तालुक्यात पौड-लवळे परिसरात निवासी शिक्षणसंस्था वाढल्या आणि एकाच गावात पहाटेचा काकडा व सायंकाळची गिटार ऐकू येणे नवलाचे राहिले नाही. सा रे ग प ध हे स्वर दोन्हीकडे परिचित आहेत. त्यामुळे सदर विधानाची चिकित्सा केवळ गिटारवादकांपुरती मर्यादित राहत नाही.

प्रथम विधानातील तथ्य पाहू. भूपाच्या याच पाच स्वरांत आधारस्वर बदलला की मूर्च्छनाभेदाने निराळे राग उभे राहतात. रिषभ षड्ज मानल्यास मधमाद सारंगाचे, गांधार मानल्यास मालकंसाचे, पंचम मानल्यास दुर्गेचे, तर धैवत मानल्यास धानीचे स्वर मिळतात. आपल्याकडे तानपुरा हा आधारस्वर स्थिर ठेवतो. गिटारवर मात्र प्रत्येक कॉर्ड तो क्षणभर हलविते. बोटे तीच, पण ऐकणाऱ्याच्या कानात स्वरांची नाती बदलतात. मध्यमाच्या कॉर्डवर (म ध सा) भूपाचे स्वर वाजविले तर त्या मध्यमाच्या दृष्टीने ते प ध नि रे ग ठरतात. सुरावटीत आधारस्वरच नाही! या अधांतरीपणात जी मोहिनी आहे ती नाकारता येत नाही.

परंतु पंचमाच्या कॉर्डवर (प नि रे) हेच स्वर घेऊन षड्जावर थांबावे. कॉर्डमधील निषाद आणि सुरावटीतील षड्ज अर्ध्या स्वराच्या अंतरावर एकमेकांस खटकतात. ओझरता षड्ज खपतो. ठहराव खपत नाही. ‘चूक संभवत नाही’ हे विधान येथे कोसळते. जाणता वादक अशा वेळी पंचमापासूनची मालिका, प ध नि रे ग, घेतो. तीच मालिका षड्जाच्या कॉर्डवर वाजविल्यास षड्ज वगळला जाऊन निषाद व रिषभाचा मोकळा रंग मिळतो. सर्जनशीलता आहे ती या निवडीत. अर्थात निषाद आला की भूप संपला, हेही मान्य करावे लागते.

खरा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच. भूपात वादी गांधार, देशकारात धैवत. सुधीर फडके यांनी ‘भाभी की चूडियाँ’ (१९६१) साठी बांधलेले ‘ज्योति कलश छलके’ कोणी भूपात, कोणी देशकारात घालतो, यावरून ही सीमा किती पातळ आहे हे ध्यानी यावे. आता त्याच पाच स्वरांखाली षड्जाची कॉर्ड (सा ग प) धरली तर गांधारास बळ मिळते. मध्यमाची धरली तर गांधार बाजूस पडून धैवत पुढे येतो. म्हणजे साथ करणारा, कदाचित अजाणता, रागाचा कौल फिरवितो. पेटीच्या साथीविषयी आपण जितकी चर्चा केली तितकी या बाबीची झालेली नाही, असे आमचे मत आहे.

शिवाय पडद्यांची मर्यादा आहेच. तानपुऱ्याशी जुळणारा शुद्ध गांधार ३८६ सेंटचा, गिटारच्या पडद्यावरचा ४०० चा; आणि तार ओढून स्वर चढविता येतो, उतरविता येत नाही. ब्रिजभूषण काबरा यांनी पडदे टाळून तारेवर सळई सरकविण्याचा मार्ग स्वीकारला. शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासमवेतच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ (१९६७) मध्ये तो ऐकावयास मिळतो. कॉर्ड सोडून त्यांनी मींड मिळविली. कॉर्ड ठेवू इच्छिणाऱ्याने निदान गांधारावर रेंगाळताना खाली गांधारयुक्त कॉर्ड धरू नये. षड्ज-पंचमाचा पोकळ आधार पुरतो, व चौदा सेंटचा तो फरक कानास कमी बोचतो.