‘स्वमग्न’ कोण? : मराठी साहित्य-चित्रपटांतील कुटुंब आणि ऑटिझमचे आकलन

प्रस्तावना

ऑटिझम या अवस्थेसाठी मराठीत ‘स्वमग्नता’ ही संज्ञा आता रूढ झाली आहे. मात्र सर्वसामान्यांपेक्षा वेगळ्या रीतीने वागणारी व्यक्ती आणि तिचे कुटुंब यांचा परिचय मराठी वाचक-प्रेक्षकाला वैद्यकीय ग्रंथांतून फारसा झालेला नाही. तो प्रामुख्याने नाटक-चित्रपटांतून झाला. या कलाकृतींनी समाजाची संवेदना घडविली हे निर्विवाद आहे. त्यांनी आकलन कितपत घडविले, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. प्रस्तुत लेखात काही निवडक मराठी कृतींच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. आधुनिक मराठी कृतींनी कुटुंबाचे दुःख समर्थपणे मांडले, परंतु ज्या व्यक्तीभोवती ते दुःख उभे आहे तिच्या कृतींची बारकाईने नोंद घेतली नाही. आणि ऑटिझमचे आकलन तर अशा नोंदीपासूनच सुरू होते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

संज्ञेचा विचार

‘ऑटिझम’ हा शब्द ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी बनविला. १९११ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी तो स्किझोफ्रेनियाचे एक लक्षण म्हणून वापरला. पुढे १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या निरीक्षणांवर आधारित निबंध प्रसिद्ध केला आणि हा शब्द एका स्वतंत्र बालपणीच्या अवस्थेशी जोडला गेला. २०१३ मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या पाचव्या निदानपुस्तिकेने या अवस्थेची विविध रूपे एकाच ‘स्पेक्ट्रम’मध्ये आणली. त्यात दोन गोष्टींना मध्यवर्ती स्थान आहे : सामाजिक संवादातील अडचणी आणि वर्तनातील ठराविकपणा व पुनरुक्ती. ध्वनी, प्रकाश, स्पर्श, चव यांविषयीची तीव्र किंवा मंद संवेदनशीलता या दुसऱ्या गटात समाविष्ट आहे.

या पार्श्वभूमीवर ‘स्वमग्न’ हा शब्द तपासला पाहिजे. ध्यानमग्न, कार्यमग्न, आनंदमग्न या शब्दांत ‘मग्न’ हे पद स्वेच्छेने आणि सुखाने बुडून जाणे सुचविते. त्यामुळे स्वमग्न मूल स्वतःच्या आनंदात बुडालेले असून हाक मारली, रागावले किंवा लाडीगोडी लावली की ते बाहेर येईल, असा समज सहज होतो. वास्तवात अशा अनेक मुलांची अडचण जगाकडे पाठ फिरविण्याची नसते. जग त्यांच्यावर फार वेगाने आणि फार मोठ्या आवाजात येऊन आदळते, ही असते. भोकरदन तालुक्यातील राजूरच्या गणपतीला अंगारकी चतुर्थीस लोटणारी गर्दी किंवा वरातीतील बँड यांपुढे कान झाकून बसणारे मूल स्वतःत मग्न नसते; ते बाहेरच्या आवाजाने हैराण झालेले असते. घरचे मात्र त्याला हट्ट म्हणतात, शेजारी बाधा म्हणतात. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने २०१२ मध्ये असे मांडले की, येथील संवादाचा तुटलेपणा उभयपक्षी असतो : ऑटिस्टिक व्यक्तीला इतरांचे मन कळत नाही, तसेच इतरांनाही तिचे कळत नाही. मराठी संज्ञेत या दुसऱ्या पक्षाला जागाच नाही.

वडिलांचे पत्र आणि आईवरील आरोप

कॅनर यांच्या निबंधाचा पाया एका कुटुंबाच्या नोंदींत आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे. पहिल्या मुलाच्या वडिलांनी त्याच्या सवयी, बोलणे, खाणे, आवडी यांची तपशीलवार माहिती देणारे ३३ टंकलिखित पानांचे पत्र त्यांना पाठविले होते. कॅनर यांनी त्या तपशिलांचा उपयोग केला. पण तपशिलांची ही विपुलता हे त्यांना पालकांच्या स्वभावाचेही लक्षण वाटले. पुढे पालकांच्या, विशेषतः आईच्या, भावनिक थंडपणामुळे ऑटिझम होतो हे मत बळावले. ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७ च्या ग्रंथाने ते लोकप्रिय केले. त्याआधीच, १९६४ मध्ये, ऑटिस्टिक मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी या अवस्थेचे मूळ जैविक असल्याचे प्रतिपादन केले होते. सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांच्या १९७७ मधील जुळ्या भावंडांच्या अभ्यासाने आनुवंशिकतेचा पुरावा पुढे आणला. शास्त्राने हा आरोप मागे घेतला असला तरी घराघरांत तो टिकून आहे. आई नोकरी करते, आईने लक्ष दिले नाही, गरोदरपणी काही चुकले, असे बोल आपल्याकडील सुनांना आजही ऐकावे लागतात.

करुणेची चौकट

‘चौकट राजा’ (१९९१, दिग्दर्शक संजय सूरकर) हा या विषयावरील सर्वांत परिचित मराठी चित्रपट होय. दिलीप प्रभावळकर यांनी साकारलेला नंदू बालपणीच्या अपघातानंतर बौद्धिकदृष्ट्या मागे राहिला आहे. मुलासारखा वागणारा प्रौढ पुरुष शेजारी असणे सुशिक्षित कुटुंबालाही कसे अस्वस्थ करते, हे दाखविणे हे या चित्रपटाचे सामर्थ्य होय. परंतु नंदूचे प्रेम पारदर्शक आहे. त्याचा आनंद, भीती, ओढ हे सारे चेहऱ्यावर वाचता येते आणि म्हणूनच प्रेक्षक त्याच्यावर प्रेम करतो. ऑटिस्टिक व्यक्तीची माया अनेकदा नजरेत किंवा मिठीत दिसत नाही. रोज त्याच वेळी आईच्या शेजारी येऊन बसणे एवढेच तिचे रूप असू शकते. निरागसतेच्या मोबदल्यात आपलेपणा देणारा प्रेक्षक अशा व्यक्तीला काय देईल, हा प्रश्न चित्रपट उपस्थित करीत नाही.

जयवंत दळवी यांचे ‘नातीगोती’ हे नाटक अधिक कठोर आहे. मतिमंद मुलाच्या आईवडिलांची होरपळ ते अश्रूंनी धुऊन टाकत नाही. आईवडील थकतात, चिडतात, एकमेकांपासून दुरावतात, हे मान्य करण्याचे धैर्य त्यात आहे. मात्र येथेही मुलगा हा इतरांच्या नात्यांची कसोटी पाहणारा प्रसंग म्हणून येतो. ‘आपल्यामागे याचे काय?’ हा पालकांचा प्रश्न आपल्या मनात घर करतो. त्या मुलाला स्वतःला काय हवे आहे, हे मात्र आपण विचारीत नाही.

‘देवराई’ : आतून पाहण्याचा प्रयत्न

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४) स्किझोफ्रेनियावर आहे. हा विकार ऑटिझमहून भिन्न असला तरी चित्रपटाची पद्धती आपल्या विषयास उपकारक ठरते. शेषला देवराईविषयी वाटणारी ओढ आणि भय चित्रपट त्याच्या अनुभवाच्या अंगाने दाखवितो. त्याला सांभाळणाऱ्या बहिणीचा संसार, तिची माया आणि तिच्या शक्तीची मर्यादाही तो लपवीत नाही. रुग्ण आणि कुटुंब यांना एकाच वेळी पात्रत्व देणे ही या चित्रपटाची मोठी कामगिरी होय. ऑटिझमच्या बाबतीत या तोडीची मराठी कलाकृती सहज आठवत नाही. हिंदीतील ‘माय नेम इज खान’ (२०१०) आणि ‘बर्फी’ (२०१२) यांनी हा विषय प्रेक्षकांपर्यंत नेला. परंतु त्यांतील कथानके असामान्य प्रवासाची आणि असामान्य प्रेमाची आहेत, घरातल्या रोजच्या दिवसाची नाहीत.

आद्य मराठी गद्यातील दाखला

रोजच्या दिवसाची अशी नोंद मराठीला अपरिचित नाही. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या ‘ऋद्धिपूरलीळे’त श्रीगोविंदप्रभूंच्या लीळा आहेत. जगरहाटीत न बसणारे त्यांचे वागणे काहींना वेडेपण वाटे, भक्तांना ईश्वरत्व वाटे. ॲन फेल्डहाउस यांनी या दुहेरी दृष्टीचे साक्षेपी विवेचन केले आहे. येथे श्रीगोविंदप्रभूंचे निदान करण्याचा हेतू मुळीच नाही. तसे करणे इतिहासाच्या आणि श्रद्धेच्या दोन्ही दृष्टींनी अनुचित ठरेल. लक्ष वेधायचे आहे ते लेखनपद्धतीकडे. त्यांनी काय खाल्ले, कोठे गेले, कशाने रागावले, कशाने हसले, हे म्हाइंभट एकेका छोट्या प्रसंगात टिपतात. कृती आधी येते, अर्थ नंतर. कित्येकदा अर्थ सांगितलाही जात नाही. कॅनर यांना पत्र लिहिणाऱ्या वडिलांचीही हीच रीत होती. आधुनिक मराठी नाटक-चित्रपटाने मात्र बहुधा अर्थ आधी ठरविला : बिचारा, निष्पाप किंवा ओझे.

भोकरदनसारख्या ठिकाणी या विचाराचे मोल

निरीक्षणाला येथे व्यावहारिक महत्त्व आहे. तज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले असल्याने तालुक्याच्या गावी मुलाचे वेगळेपण प्रथम घरच्यांच्या आणि शिक्षकांच्याच लक्षात येते. केंद्र शासनाने २०१६ मध्ये प्रमाणनासाठी स्वीकारलेली ऑटिझमची भारतीय मूल्यमापन श्रेणीदेखील पालकांची मुलाखत आणि प्रत्यक्ष निरीक्षण यांवर आधारलेली असून तिच्यात ४० बाबी आहेत. ‘तो सगळ्यांसारखा नाही’ एवढेच सांगणाऱ्या पालकापेक्षा ‘तो हाकेला वळत नाही, पण कुकरच्या शिट्टीला पळून जातो’ असे सांगणारा पालक तपासणाऱ्याला अधिक मदत करतो.

कायद्यानेही उशिराच या अवस्थेची दखल घेतली. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमातील सात प्रकारांत ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने त्याचा समावेश केला आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील २१ प्रकारांत त्याला स्थान मिळाले. याच अधिनियमानुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत, तर २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी पात्र परीक्षार्थींना तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ देय ठरविला. मात्र निदानच न झालेल्या विद्यार्थ्याला या तरतुदींचा उपयोग नसतो. नजरेला नजर न देणारा, गटचर्चेत गप्प राहणारा, तासिकेची खोली अचानक बदलली की सैरभैर होणारा विद्यार्थी महाविद्यालयात असतोच. त्याला उद्धट वा मंद ठरविण्यापूर्वी त्याची अडचण जाणून घेणे हे अध्यापकाचे कर्तव्य ठरते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, मराठी नाटक-चित्रपटाने वेगळ्या व्यक्तीच्या कुटुंबाला सहानुभूती मिळवून दिली, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु या सहानुभूतीच्या केंद्रस्थानी पालक राहिले. ऑटिस्टिक मुला-मुलीची भावंडे, त्यांना सांभाळणारी आजी आणि प्रौढ झालेली ऑटिस्टिक व्यक्ती स्वतः यांची मराठीतील नोंद अद्याप तोकडी आहे. ‘स्वमग्न’ ही संज्ञा व्यवहारातून काढून टाकणे आता कठीण आहे. तिचा वापर करताना ‘मग्न’ या पदाचा सूचितार्थ गृहीत धरू नये, एवढी दक्षता घेता येईल. मराठीच्या अध्यापकांनी या कृती शिकविताना ‘हे पात्र आपल्याला रडविते का?’ या प्रश्नाबरोबरच ‘या पात्राला काय ऐकू येते, काय सोसत नाही, काय आवडते हे आपल्याला कळते का?’ असाही प्रश्न वर्गात विचारावा. घरी अशा भावंडाला सांभाळणारा एखादा विद्यार्थी त्या वर्गात असेल, तर या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्याच्याकडेच असेल.