पिवळे दिसते म्हणून पितळ?

हिंजवडीच्या एका विद्यार्थिनीने पणजोबांच्या ट्रंकेतील ब्रिटिश लष्करी टोपीवरचा बिल्ला शाळेत आणला. एका संग्राहकाने तो नुसता पाहून 'नकली' ठरवला; कारण त्याच्या सूचीत हा बिल्ला दुरंगी होता आणि हा सगळा पिवळा! देहूरोड-खडकीच्या छावण्यांजवळच्या शाळांत असे बिल्ले पुन्हा येतील. म्हणून या पद्धतीचे परीक्षण करू.

पहिला आक्षेप शब्दांवर. सूचींतील 'व्हाइट मेटल' हे रासायनिक नाव नव्हे, तो केवळ रंग आहे. त्यात तांबे-निकेल-जस्ताचे जर्मन सिल्व्हर येते, तशी कथिलाची मिश्रणेही येतात. 'गिल्डिंग मेटल' म्हणजे तांबे जास्त आणि जस्त कमी असलेले पितळच.

दुसरा आक्षेप तर्कावर. १९१६ साली युद्धकाळातील काटकसर म्हणून ब्रिटनमध्ये अनेक दुरंगी बिल्ले एकाच पिवळ्या धातूत काढले गेले. रॉयल वॉरविकशायर रेजिमेंटचे पांढरे हरिण तेव्हा पिवळे झाले. म्हणजे पिवळा बिल्ला नकलीच असे नाही. पण पिवळा म्हणून तो १९१६चाच, हेही चूक. कित्येक रेजिमेंटांचे बिल्ले मुळातच पिवळे होते.

मग वर्गात काय करावे? आधी चुंबक लावावा. चिकटला तर आत बहुधा लोखंड आहे. न चिकटला, तरी निकेल नाही असे मात्र म्हणू नये. जर्मन सिल्व्हर चिकटत नाही. नंतर घनता काढावी. नेहमीच्या पितळाची सुमारे ८.५, गिल्डिंग मेटलची ८.८, ॲल्युमिनियमची २.७. ॲल्युमिनियम हातात घेताच कळते. पण पहिल्या दोघांचे वीस-वीस ग्रॅमचे बिल्ले घेतले, तर आकारमानात जेमतेम ०.०८ घन सेंटिमीटर फरक पडतो. मोजपात्रात तो दिसणार नाही. बिल्ला दोऱ्याने पाण्यात टांगून ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करावे, बुडबुडे झटकावेत. दुरंगी बिल्ल्यात मात्र सरासरीच मिळेल.

सराफाकडचे क्ष-किरण यंत्रही वरचा थरच वाचते. खाली काय आहे हे मुलामा चढला की कसे लपते, ते भोसरी-चाकणच्या प्लेटिंगच्या कारखान्यांत काम करणारे पालक सांगतील.

कानस आणि आम्ल मात्र दूर ठेवा. पुरावाच नष्ट होतो. वहीत एवढेच लिहावे: 'पिवळा, चुंबकाला न चिकटणारा, घनता ८.५, चूक ०.१.' जुन्या ठशांवरून त्याच पितळात नवे बिल्लेही काढता येतात. तेव्हा धातू कळला, तरी 'अस्सल' किंवा 'नकली' हा निकाल त्यातून निघत नाही. त्या मुलीला हे सांगणे आपले काम आहे.