आठवणीत नसलेला चेहरा

मंडळी, पाचोडला बोलायचं म्हणून मी मुद्दाम तेलरंगाचा विषय घेतला. तेलरंगातलं तेल बहुतेक वेळा जवसाचं असतं. ज्या जवसाची आपण चटणी कुटतो, तेच जवस. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेत घेत सावकाश घट्ट होतं. म्हणजे रात्रीचं स्वप्न सकाळी रंगवायला घेतलं तर दुसऱ्या दिवशीही ते पुसता येतं, खरवडता येतं, सुधारता येतं. सोय मोठी आहे, आणि धोकाही तिथंच आहे.

निवृत्तीनंतर मीही हा उद्योग केला. वहीच्या पानाएवढे बोर्ड आणि त्यावर मामाचं घर. ते गाव आता नाथसागराच्या पाण्याखाली आहे. जायकवाडीचं लोकार्पण १९७६ साली झालं. घर अजून स्वप्नात येतं. पहिल्या चित्रात मी अंगणात तुळशीवृंदावन काढलं, शेजारी आजी उभी केली, मागं सूर्य मावळवला. घरात कौतुक झालं. मग लक्षात आलं की वृंदावन होतं की नव्हतं, हे मला आठवतच नाही. ते बहुधा एखाद्या कॅलेंडरवरून आलं होतं!

बोलताना आपण अशा जागा ओलांडून जातो. ‘दार होतं’ म्हटलं की भागतं. चित्रात दार डावीकडं की उजवीकडं, हे ठरवावंच लागतं. आत्मचरित्रपर चित्राची कसोटी मी इथं लावतो: आठवत नाही तिथं चित्रकार काय करतो?

हुसेन घ्या. जन्म १९१५, पंढरपूर. आई झैनब वारली तेव्हा ते दीडेक वर्षांचे. तिचा फोटो नव्हता, चेहरा आठवत नव्हता. मदर तेरेसांच्या चित्रमालिकेत पांढरी साडी आहे, निळे काठ आहेत, मूल आहे, आणि चेहऱ्याची जागा रिकामी. १९५६ सालच्या ‘बिट्वीन द स्पायडर अँड द लॅम्प’मध्ये कंदील आहे, बाईच्या हातून लोंबणारा कोळी आहे, वर न लागणारी अक्षरं. चित्र लहान नाही, पण कंदील बालपणातला आहे. हुसेनचे आजोबा कंदिलाचंच काम करत. जे पाहिलं ते ठसठशीत, जे पाहिलं नाही ते कोरं. हा प्रामाणिकपणा मला फार मोठा वाटतो. पुढं पुढं मात्र बिनचेहऱ्याची बाई ही त्यांची सही होऊन बसली, असंही माझं मत आहे. रिकामी जागा आधीच ठरलेली असली की ती रिकामी राहत नाही.

प्रभाकर बरवे यांचा मार्ग वेगळा. त्यांनी इनॅमल वापरलं, डब्यातला साधा चकचकीत रंग, तेलरंगाच्या मानानं लवकर वाळणारा. पान, घड्याळ अशा वस्तू एकमेकींपासून लांब ठेवलेल्या. वातावरण स्वप्नाचं, पण गोष्ट सांगायची घाई नाही. त्यांच्या पुस्तकाचं नावच ‘कोरा कॅनव्हास’ आहे. आपल्या हौशी चित्रकारांनी ते वाचावं, मी धरून.

तत्त्वज्ञानाचा मास्तर आहे, म्हणून एवढं सांगतो. ‘तर्कसंग्रहा’त अन्नंभट्ट स्मृतीला अनुभवापासून वेगळं काढतात: केवळ संस्कारातून उपजणारं ज्ञान ते स्मृती. ती यथार्थ असू शकते, पण नैयायिक तिला प्रमा म्हणत नाहीत, कारण प्रमा म्हणजे यथार्थ अनुभव. स्वप्न तर त्यांच्या लेखी मनाचा विपर्ययच. वर्गात हे मी वर्षानुवर्षं बिनधोक शिकवलं. बोर्डासमोर बसल्यावर अडलो. आपल्याला काय आठवत नाही, हे मला चित्र काढतानाच कळलं. हे कळणं स्मृती नव्हतं. तो त्या सकाळचा ताजा अनुभव होता, आणि खरा होता. म्हणून वृंदावन खरवडून टाकलं.

पुढची हकीकत अशी. धाकट्या मामेभावाला चित्र दाखवलं. त्याचं सगळं बालपण त्याच घरात गेलेलं. तो म्हणाला, “दादा, इथं वृंदावन होतं की! तू काढलं कसं नाहीस?”

मी परत काढलं नाही. होतं, हे मला आता माहीत आहे; आठवत अजूनही नाही. त्याला एक बोर्ड दिलाय आणि म्हटलंय, तू काढ. अजून त्यानं ट्यूब उघडलेली नाही.