समूहगायनातील स्वरवर्ण : एकरूपता आणि एकमत

मराठीत ‘स्वर’ हा एकच शब्द गळ्यातून निघणाऱ्या सुरालाही लावला जातो आणि अ, आ, इ, ई या वर्णांनाही. व्याकरणकाराला ही द्व्यर्थता गैरसोयीची वाटेल. समूहगायनाच्या अभ्यासकाला मात्र ती मर्मावर बोट ठेवणारी वाटावी. वीस-तीस गळे एकाच सुरावर आले, परंतु त्यांच्या मुखातील स्वरवर्णाची ठेवण एक नसली, तर ते गायन कानाला बेसूर भासते. प्रत्येक सुराबरोबर त्याच्या पटीतील उपस्वर निघत असतात, आणि जीभ, जबडा व ओठ यांच्या ठेवणीवरून ठरणारे मुखविवराचे अनुनाद त्यांतील काहींना उचलून धरतात. प्रौढ पुरुषाच्या ‘आ’चा पहिला अनुनाद सेकंदाला सुमारे ७०० कंपनांच्या आसपास असतो, तर ‘ई’ व ‘ऊ’ यांचा ३०० च्या आसपास; परंतु ‘ई’चा दुसरा अनुनाद २००० च्या वर जातो आणि ‘ऊ’चा १००० च्या आतच राहतो. शेजारी उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाचा ‘आ’ मोकळा व दुसऱ्याचा ‘ऑ’कडे झुकलेला असला, की एकाच्या आवाजात ठळक होणारे उपस्वर दुसऱ्याच्या आवाजात दबतात. इंग्रजी गायनात जोडस्वरांची आणखी एक अडचण असते. ‘ऐ’चे उच्चारण करताना ‘अ’वरून ‘इ’वर नेमके केव्हा जायचे हे ठरलेले नसेल, तर प्रत्येक गळा आपापल्या वेळी वळतो आणि स्वरसंघात डळमळतो.

यावर स्वरवर्णांची घडण हा उपाय सर्वमान्य आहे. वाद आहे तो घडणीच्या अर्थाविषयी. इंग्लंडच्या चर्चसंगीतात मुलांचा आवाज ‘ऊ’कारावर घडवण्याची, म्हणजे वरच्या सप्तकातील हलका, गोल नाद खालच्या सुरांपर्यंत उतरवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. तिचे सर्वांत परिष्कृत रूप केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या गायकवृंदात दिसले. बोरिस ऑर्ड आणि त्यांच्यामागून १९५७ ते १९७४ पर्यंत डेव्हिड विलकॉक्स यांनी सोळा मुलगे व चौदा पुरुष यांच्या या वृंदाला जी सुरेलता आणली, तिला तोड सापडणे कठीण. १९२८ पासून प्रसारित होऊ लागलेल्या नाताळच्या उपासनेमुळे हा नाद म्हणजेच मुलांच्या समूहगायनाचा आदर्श, अशी श्रोत्यांची समजूत झाली. विलकॉक्स यांच्या वृंदाची व्यंजने एका क्षणी पडत; शब्द कळत नाहीत असा आरोप त्यांच्यावर करता येणार नाही. उणीव अधिक सूक्ष्म आहे. तेथे ‘आ’, ‘ए’ व ‘ई’ हे तिन्ही वर्ण एकाच गोलाईत शिरतात. शब्द ओळखू येतो, पण त्याचा रंग उतरतो. दुःखाचा शब्द आणि आनंदाचा शब्द एकाच संगमरवरात कोरल्यासारखे वाटतात.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलमध्ये जॉर्ज माल्कम यांनी १९४७ ते १९५९ या काळात नेमका उलट मार्ग धरला. इंग्रजी परंपरेचा ‘शुद्ध’ नाद हा मुलाच्या स्वाभाविक आवाजावर लादलेला असतो, हे त्यांचे मत त्यांनी पुढे १९६३ मध्ये, ब्रिटनच्या पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त निघालेल्या ग्रंथातील लेखात मांडले. त्यांच्या वृंदात ‘ई’ची धार आणि ‘आ’ची मोकळीक कायम राहते. एकजीवपणा तेथेही आहे, परंतु तो वेगळ्या तत्त्वावर उभा आहे. सर्व स्वरवर्ण एका साच्यात घालणे निराळे आणि प्रत्येक स्वरवर्णावर सर्व गायकांचे एकमत घडवून आणणे निराळे. पहिला मार्ग सोपा आहे, म्हणूनच तो अनेक संचालकांना मोह घालतो.

माल्कम यांच्या पद्धतीला वास्तूचाही आधार आहे. मोठ्या दगडी वा विटांच्या इमारतीत तीव्र उपस्वर हवेत लवकर शोषले जातात आणि मंद उपस्वर घुमत राहतात. ‘ई’ व ‘ए’ यांची ओळख ज्या अनुनादावर अवलंबून आहे तोच तेथे आधी विरतो. म्हणून त्या वर्णांना उगमापाशीच तेज हवे.

तथापि गोलाईच्या पक्षाला एका ठिकाणी पूर्ण न्याय दिला पाहिजे. मुलांचे सूर ७०० कंपनांच्या वर गेले, की मूळ सूरच ‘ई’च्या पहिल्या अनुनादाला ओलांडून जातो. अशा वेळी जबडा उघडून ‘ई’ला ‘ए’कडे न्यावेच लागते, तेथे वर्णशुद्धीचा आग्रह धरणाऱ्याचा आवाज चिरकतो. माल्कम यांच्या १९५९ च्या व्हिक्टोरियाच्या ध्वनिमुद्रणात नाद क्वचित कर्कशतेच्या काठावर येतो तो याच उंचीवर. ती किंमत देण्याजोगी होती असेच म्हणावे लागते. ब्रिटनने माल्कम यांच्या निवृत्तीच्या वर्षी, १९५९ मध्ये, ‘मिस्सा ब्रेव्हिस’ ही रचना केली ती याच मुलांच्या आवाजांसाठी. तिच्यातील टोकदार, तुटक वाक्ये गोल केलेल्या ‘ऊ’कारात गायली तर सूर बरोबर येतात आणि रचना हरवते.