रेषा आणि अस्थी

शरीररचनेच्या चित्रांनी कलावंताचे काय साधते, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा अवनींद्रनाथ ठाकुरांच्या बाजूनेच सोडविला जातो. भारतीय कलेतील शारीरावरील १९१४ च्या पुस्तिकेत त्यांनी बाहूला हत्तीच्या सोंडेचे, मांडीला केळीच्या खांबाचे रूप दिले. शवविच्छेदनाशी आपल्या मूर्तीला कर्तव्य नाही, हा निष्कर्ष इतरांनी काढला. जबलपुरात बडा फुहाऱ्याच्या गर्दीतून निघून शहीद स्मारकातील, नंदलाल बसूंचे शिष्य ब्योहार राममनोहर सिंह प्रभृतींची भित्तिचित्रे पाहणाऱ्यालाही तो पटेल. तथापि तो घाईचा आहे.

हेन्री व्हॅनडाइक कार्टरचे उदाहरण घ्यावे. १८५८ मधील ग्रेच्या ग्रंथातील चित्रे त्याची. त्याच वर्षी तो मुंबईस आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागला आणि पुढे साताऱ्यास सिव्हिल सर्जन झाला. (ग्रंथ मात्र अद्यापि एकट्या ग्रेच्याच नावाने ओळखला जातो!) व्हेसेलियसच्या १५४३ च्या ग्रंथात सोललेली शरीरे निसर्गदृश्यापुढे अभिनय करीत उभी आहेत. कार्टरने ते नाट्य टाकले. आकडे घालून खाली यादी देण्याऐवजी बहुतेक नावे त्या त्या भागावरच लिहिली, आणि काय वगळावे हे ठरविले. ही निवड विज्ञानाइतकीच कलेचीही आहे. सोंडेची उपमा सुचलेल्या दृष्टीनेही खांद्यापासून बोटांपर्यंतचा उतार तेवढा राखून बाकीचे सोडलेच होते. कलाशाळेतील विद्यार्थ्यापुढे कार्टरचे चित्र ठेवावे ते स्नायूंची नावे पाठ व्हावीत म्हणून नव्हे. त्याने कोणती रेषा काढली नाही, हे विद्यार्थ्याने शोधावे म्हणून.